कविसमय, देशविभाग आणि एका दिवसाची सहल : चित्रीकरणस्थळांच्या मार्गदर्शित दर्शनाची चिकित्सा

१

चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिका जेथे चित्रित झाली ते स्थळ मुद्दाम पाहावयास जाणे, ही आता पर्यटनातील एक रूढ गोष्ट झाली आहे. मराठी समीक्षेत मात्र तिचा विचार क्वचितच होतो. ही गोष्ट बाजारपेठेची, म्हणून ती समाजशास्त्राकडे सोपवावी, असा काहीसा समज त्यामागे असावा. वस्तुतः अशा सहलीत साहित्यव्यवहाराचे सर्व घटक उपस्थित असतात. मालिका ही तेथे मूळ संहिता असते. वाटाड्या हा निवेदक असतो. प्रवासी हा मूळ संहिता अगोदर जाणणारा श्रोता असतो. आणि ज्या भूमीवर हे सारे चालते तिला स्वतःचे नाव, इतिहास व रहिवासी असतात. म्हणजे सहल हे मूळ कथेचे पुनर्कथन आहे. पुनर्कथन म्हटले की ते पारखण्याचा प्रश्न येतो. 'कोणती सहल निवडावी?' हा वरवर केवळ व्यवहाराचा वाटणारा प्रश्न म्हणूनच मूल्यमापनाचाही आहे. त्या प्रश्नाला साहित्यशास्त्रातून काही निकष देता येतात काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

विवेचनासाठी एक साधी परिस्थिती कल्पू. जबलपूरच्या महाराजपूर भागात नातलगांकडे उतरलेले एक मराठी कुटुंब आहे. त्याच्या हाती एकच दिवस मोकळा आहे. मध्य प्रदेशात चित्रित झालेल्या मालिका त्याने घरी पाहिल्या आहेत. 'पंचायत' (२०२०) या मालिकेतील फुलेरा गाव पाहावे, अशी मुलांची इच्छा आहे. परंतु ते गाव म्हणजे भोपाळच्या पलीकडे सिहोर जिल्ह्यात असलेले महोडिया. महाराजपूरहून तेथे एका दिवसात जाऊन परत येणे शक्य नाही. हाताशी राहतो तो शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचा भेडाघाट. तेथे मालिकेचे नव्हे, तर चित्रपटांचे चित्रीकरणस्थळ आहे. आणि ते दाखविणारा वाटाड्या नावेत वल्हे घेऊन बसलेला आहे.

२

भेडाघाटच्या पंचवटी घाटावरून नाव सुटते व संगमरवरी कड्यांमधून नर्मदेच्या प्रवाहात जाते. नावाड्यांचे निरूपण हे या नौकाविहाराचे वैशिष्ट्य होय. ते हिंदीत असते, बव्हंशी यमकबद्ध असते, कोट्यांनी भरलेले असते आणि एका विशिष्ट लयीत म्हटले जाते. खडकांमधील आकार ओळखून दाखविणे, दोन्ही कडे जेथे जवळ येतात त्या बंदरकूदनीची कथा सांगणे, प्रवाशांतील नवविवाहितांची थट्टा करणे आणि कोणत्या खडकावर कोणत्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले ते सांगणे, अशी या निरूपणाची ठरीव अंगे आहेत. 'जिस देश में गंगा बहती है' (१९६०), संतोष सिवन यांचा 'अशोका' (२००१) आणि आशुतोष गोवारीकर यांचा 'मोहेंजो दारो' (२०१६) ही त्यातील नावे प्रमाणभूत आहेत. या तिन्ही चित्रपटांतील काही भागांचे चित्रीकरण भेडाघाटला झालेले आहे.

मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला या निरूपणात परिचित खुणा दिसतील. ठरीव सूत्रे, त्यांत प्रसंगानुसार भर, श्रोत्याला नावेत असेपर्यंत खिळवून ठेवण्याची गरज, आणि एका पिढीकडून दुसरीकडे जाताना यादीत होणारी वाढ या सर्व गोष्टी तेथे आहेत. पूर्वीच्या नायिकेचे नाव वगळले जात नाही. तिच्यामागे नव्या नायिकेचे नाव जोडले जाते. राज कपूर-पद्मिनी यांच्या चित्रपटाचे गाणे पुढील पिढीतील अनेकांना चित्रपटगृहात नव्हे, तर दूरदर्शनच्या 'चित्रहार' कार्यक्रमात भेटले. म्हणजे नावेत बसलेला श्रोता हा बऱ्याच अंशी दूरचित्रवाणीचाच प्रेक्षक असतो.

या निरूपणाकडे करमणूक म्हणून पाहणे सोपे आहे. पण ते ऐकणाऱ्याच्या मनात एक मूलभूत प्रश्न उभा राहावयास हवा. ज्या चित्रपटाच्या शीर्षकातच गंगा आहे, त्याचे चित्रीकरण येथे नर्मदेवर झाले. हे असत्य आहे काय? आणि असत्य असेल तर ते आपल्याला खटकत का नाही?

३

या प्रश्नाचे उत्तर देणारा ग्रंथकार याच वाटेवर भेटतो, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. जबलपूरहून भेडाघाटला जाताना तेवर नावाचे गाव लागते. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. 'काव्यमीमांसा'कार राजशेखर याच्या जीवनाचा काही काळ या राजसभेच्या आश्रयाने गेला, आणि त्याची 'विद्धशालभंजिका' ही नाटिका युवराजदेव पहिला याच्या सभेत प्रयुक्त झाली, असे अभ्यासक मानतात. कलचुरींच्या कोरीव लेखांचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केलेले संपादन (१९५५) या संदर्भात मराठी वाचकाला परिचित आहे. राजशेखराचे घराणेही मूळ महाराष्ट्राशी संबद्ध होते.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त दोन विषयांचा स्वतंत्र विचार केला आहे. एक देशविभाग, म्हणजे कवीला असावयाचे भूगोलाचे ज्ञान. दुसरा कविसमय, म्हणजे शास्त्रात व लोकव्यवहारात आढळत नसूनही परंपरेने कवींनी स्वीकारलेले अर्थ. कविसमयाची त्याने दिलेली उपपत्ती येथे विशेष उपयोगी आहे. पूर्वीच्या विद्वानांनी देशान्तरे हिंडून जे अर्थ पाहिले व नोंदले, ते देश व काळ बदलल्यामुळे आता तसे राहिले नसले, तरी कवी ते तसेच वर्णितात, तो कविसमय. म्हणजे स्थळाचे अन्तर हे कविसमयाच्या व्याख्येतच आहे. राजशेखर पुढे त्याचे तीन प्रकार सांगतो : जे नाही त्याचे वर्णन करणे, जे आहे त्याचे वर्णन न करणे, आणि जे अनेक ठिकाणी आहे ते एकाच ठिकाणी बांधून टाकणे. पहिल्याचे उदाहरण म्हणजे नद्यांतील कमळे व प्रत्येक जलाशयातील हंस. दुसऱ्याचे, वसंतात मालती न वर्णिणे. तिसऱ्याचे, मकर केवळ समुद्रातच असल्याचे सांगणे.

चित्रीकरणस्थळ हा आधुनिक दृश्यकथनातील कविसमय आहे, असे मला म्हणावयाचे आहे. आणि राजशेखराचे हे तीन प्रकार घेऊन सहलींची पारख करता येते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

४

प्रथम असताचे निबंधन. महोडियाचे फुलेरा होणे हे याचे सरळ उदाहरण आहे. मालिकेतील फुलेरा उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात आहे; बलियाचा परिसर भोजपुरी भाषेचा आहे; महोडिया मात्र माळव्याच्या कडेचे गाव आहे. मराठी मुलखातील उदाहरण घ्यावयाचे तर वाईजवळचे मेणवली. गोवारीकरांच्याच 'स्वदेस' (२००४) मध्ये ते उत्तर प्रदेशातील चरणपूर झाले. मेणवलीचा वाडा व कृष्णेवरचा घाट नाना फडणविसांचा. घाटावरची पोर्तुगीज घंटा चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेची आठवण सांगणारी. चित्रपटात त्या घाटाला हे काहीच आठवत नाही. तेच दिग्दर्शक पुढे भेडाघाटच्या प्रवाहाला सिंधू संस्कृतीच्या काळात नेतात आणि तेथे नायकाची मगरीशी झुंज लावतात. मकर समुद्रातच असावेत हा नियम येथे मोडला आहे. पण मकर हे नर्मदेचे वाहन मानले जाते, त्यामुळे स्थानिक श्रोत्याला या दृश्यात वेगळा अर्थ सापडू शकतो.

उसन्या नावाचे सर्व प्रकार सारखे नसतात. शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' (१९८६-८७) ही दूरदर्शन मालिका कर्नाटकातील आगुंबे येथे चित्रित झाली. आर. के. नारायण यांचे मालगुडी नकाशावर कोठेच नाही; त्यामुळे आगुंब्याने मालगुडीचे रूप घेतले तेव्हा दुसऱ्या कोणत्या गावाचे स्थान बळकावले गेले नाही. साहित्यातील निराकार गावाला एक आकार मिळाला. चरणपूर आणि फुलेरा ही गावेही काल्पनिक आहेत, पण त्यांचा प्रदेश खरा आहे. तेथे एका खऱ्या प्रदेशाच्या जागी दुसरा खरा प्रदेश उभा केला जातो. गंगेच्या शीर्षकाखाली नर्मदा दाखविणे हा याहून गुंतागुंतीचा प्रकार. कारण नर्मदेच्या काठच्या श्रद्धेनुसार गंगा स्वतः वर्षातून एकदा काळ्या गाईच्या रूपाने नर्मदेत स्नानास येते आणि शुद्ध होऊन परतते. या कथेने पाहिले तर चित्रपटाने नकळत एक जुनी लोककथाच पुन्हा सांगितली आहे. नावाडी ही कथा आणि चित्रपटाचे नाव शेजारीशेजारी ठेवील, तर श्रोत्याला एका क्षणात तुलनात्मक साहित्याचा पाठ मिळेल. तो केवळ नायिकेचे नाव सांगून वल्हे मारील, तर श्रोत्याजवळ एक छायाचित्र तेवढे उरेल.

यावरून पहिला निकष हाती येतो. स्थळाने दुसऱ्याचे नाव घेतले हा दोष नव्हे. तो कलेचा परवाना आहे. सहलीने मात्र दोन्ही नावे सांगावयास हवीत.

५

दुसरा प्रकार सताच्या अनिबंधनाचा, म्हणजे असलेले न सांगण्याचा. कॅमेऱ्याची चौकट हे मुळातच वगळण्याचे साधन आहे. सहलीने त्या चौकटीबाहेर नेले पाहिजे. पुष्कळदा ती चौकटच प्रवाशाच्या गळ्यात घालते. क्रोएशियातील दुब्रोव्हनिक येथे 'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११-२०१९) या मालिकेच्या दर्शनसहली निघतात. जेझुइट चर्चसमोरचा बरोक शैलीचा जिना तेथे राणीच्या धिंडीचा जिना म्हणून ओळखला जातो. त्या जुन्या शहरावर १९९१ मध्ये तोफगोळे पडले होते. हे सांगावयाचे की नाही, हे मालिका ठरवीत नाही. ते वाटाड्या ठरवितो.

भेडाघाटच्या बाबतीत न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कोणत्या? तेवर हे गाव बहुतेक गाड्यांच्या खिडकीतून मागे जाते. कलचुरींच्या राजधानीखेरीज १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे नावही याच परिसराशी निगडित आहे. सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षपदाचा सारा वाद येथे रंगला. भेडाघाटावरचे दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनींचे मंदिर पायऱ्या चढून गेल्याखेरीज दिसत नाही, म्हणून तेही घाईच्या दिवसातून गळते. शिवाय नदीचे स्वतःचे चरित्र आहे. वरच्या अंगाला बरगी धरण १९९० मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयात अनेक गावे बुडाली आणि विस्थापितांतील काही लोक पोटासाठी जबलपूर शहरात आले. धुवांधारच्या प्रपातात आज जे पाणी आपण पाहतो, ते १९६० च्या चित्रपटातल्याप्रमाणे मोकळे राहिलेले नाही. एकाच खडकावर दोन काळांची चित्रे ठेवून हा फरक दाखविता येईल. चित्रपट हे त्या अर्थी नदीचे दस्तऐवजही आहेत. सहलीने त्यांचा असा उपयोग केला, तर कविसमय देशविभागाच्या सेवेस येईल.

मराठी परंपरेत स्थळ सांगण्याची एक काटेकोर रीत आहे, तिचे येथे स्मरण करणे अगत्याचे आहे. महानुभाव पंथाच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरांचे जेथे जेथे वास्तव्य झाले, त्या स्थानांची नोंद आहे. कोणत्या गावात, कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस, असा तिचा क्रम असतो. त्या त्या ठिकाणी ओटे बांधून ती स्थाने राखली गेली. तेथे लीळा आधी घडली आणि स्थान तिच्यामुळे वंद्य ठरले. मालिकेच्या स्थळी घटना घडलेली नसते, घडल्याचा अभिनय झालेला असतो. म्हणून दोन्ही यात्रा एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पण 'स्थानपोथी'ची शिस्त उसनी घेता येते. ती भोवतालचा परिसर पुसून टाकत नाही. उलट, देऊळ, नदी, दिशा यांच्या आधारानेच स्थान सिद्ध करते. गावाचे बाकीचे सारे नाहीसे करून केवळ एक ओटा दाखविणारी पोथी निरुपयोगी ठरली असती.

६

तिसरा प्रकार नियमाचा. अनेक ठिकाणी असलेली गोष्ट एकाच ठिकाणी बांधणे, किंवा एका ठिकाणचे अनेक गुण सोडून एकच गुण त्यावर कायमचा चिकटविणे. माझ्या मते तिन्हींत हाच अधिक गंभीर आहे, आणि त्याचे मराठीतील ठळक उदाहरण आकेरी हे होय.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका झी मराठीवर २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा दुसरा भाग २०१९ मध्ये आणि तिसरा २०२१ मध्ये आला. तिच्यातील नाईकांचा वाडा म्हणजे सिंधुदुर्गातील सावंतवाडी-कुडाळ परिसरातल्या आकेरी गावचा एक वाडा. मालिका लोकप्रिय होताच प्रवासी वाट वाकडी करून तो वाडा पाहावयास येऊ लागले. कोल्हापूरजवळच्या वसगड्यातही 'तुझ्यात जीव रंगला' (२०१६-२०२१) या मालिकेमुळे हेच घडले. येथे पहिल्या प्रकारचा दोष जवळजवळ नाही. कोकणाने कोकणाचीच भूमिका केली आहे, पात्रांच्या तोंडी मालवणी आहे. तरीही, भुताखेतांच्या चित्रणामुळे कोकणाची प्रतिमा मलिन होते, असा आक्षेप सिंधुदुर्गातून घेतला गेला. हा आक्षेप केवळ भावना दुखावल्याचा मानून सोडून देता येणार नाही. राजशेखराच्या परिभाषेत तो नियमाविरुद्धचा आक्षेप आहे : गूढ सर्वत्र असते, मग ते कोकणातच का बांधता? आणि कोकणात इतके काही असताना तेथे गूढ तेवढेच का दाखविता?

येथे चित्रपट व मालिका यांतील एक भेदही ध्यानात घ्यावा लागतो. चित्रपटाचा प्रेक्षक भेडाघाटला येतो तो एक दृश्य पाहावयास. मालिका मात्र महिनोन्महिने रोज संध्याकाळी घरात येते. तिच्यातील वास्तू ही नातलगाच्या घरासारखी ओळखीची होते. आकेरीला आलेला प्रवासी अण्णा नाईकांची खोली कोणती, विहीर कोठे, असे विचारतो, ते या सलगीतून. पण ते खऱ्या माणसांचे घर असते. मालिका संपल्यावरही त्यांना तेथे राहावयाचे असते. खडकाला कोणी नायिकेचे नाव दिले तर खडकाचे काही बिघडत नाही. घराला दुसऱ्याचे नाव चिकटले म्हणजे घरच्यांना स्वतःच्या उंबऱ्यावर पाहुण्यासारखे उभे राहावे लागते. म्हणून मालिकेच्या सहलीवर चित्रपटाच्या सहलीहून अधिक नैतिक जबाबदारी येते. त्याच आकेरीत रामेश्वराचे देऊळ आहे, त्याची जत्रा आहे, शेती-बागायत आहे. वाड्यापुढे मोटार थांबवून तेथूनच परत फिरणारी सहल त्या नियमाला आणखी एक गाठ मारते. देवळात, बाजारात व गावच्या बोलीत प्रवाशाला थोडे रमू देणारी सहल ती गाठ सैल करते.

भेडाघाटलाही असा एक नियम आहे. चांदण्यातील नौकाविहार आणि प्रणयगीत एवढेच त्याचे प्रतिमाविश्व. फॉर्सिथ याने 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' (१८७१) मध्ये या कड्यांवरील प्रकाशाचे जे वर्णन केले, त्याचा आधार पर्यटनसाहित्य अजून घेते. मराठी वाचकाला मात्र नर्मदा दुसऱ्या एका वाटेने माहीत आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या पुस्तकातील नर्मदा ही परिक्रमेची, पायांनी ओळखलेली नदी आहे. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड (निधन २०१८) यांनी टप्प्याटप्प्याने तिचा काठ चालून हिंदीत व गुजरातीत लिहिले. या लेखनात नदी पार्श्वभूमी नसते, ती सहप्रवासी असते. एका दिवसाच्या सहलीकडून परिक्रमेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. परंतु दृश्य बदलावे म्हणून थोडे चालावयास लावणे, तिला अशक्य नाही.

७

आता महाराजपूरच्या त्या कुटुंबाकडे परत येऊ. त्याच्यापुढे सामान्यतः तीन प्रकार असतात. पहिला, भाड्याची मोटार करून धुवांधार, नौकाविहार, खरेदी असा ठरीव फेरा. दुसरा, चित्रपटातील दृश्ये हाती घेऊन स्थळाशी त्यांचा ताळा जमविणारा फेरा. तिसरा, तेवरला थांबून, योगिनींच्या पायऱ्या चढून मग नदीवर येणारा फेरा. पहिल्यात निवेदन नावेपुरतेच आहे. दुसऱ्यात निवेदन आहे, पण ते चौकटीच्या आत आहे. तिसऱ्यात चित्रपट कमी दिसतील, वेळ अधिक लागेल, आणि मुले कंटाळण्याचा संभव आहे.

माझी शिफारस तिसऱ्याची आहे, आणि तीत क्रमाला महत्त्व आहे. क्रम बदलला की अर्थाचा अन्वय बदलतो. आधी त्रिपुरी, मग मंदिर, मग धुवांधार, आणि अखेरीस नाव. देशविभाग अगोदर कळला म्हणजे नावाड्याचा कविसमय कविसमय म्हणून ऐकता येतो. त्याच्या कोटीला हसताही येते आणि तिच्यामागे काय झाकले गेले तेही जाणवते. नावेपासून आरंभ केल्यास पुढची सारी स्थळे त्या हशाची पुरवणी ठरतात. पावसाळ्यात नावा बंद असतात. त्या दिवसांत येणाऱ्याला निवेदक मिळणार नाही, हेही निवडीपूर्वी ध्यानात असावे.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. प्रवासी आनंदासाठी येतो. त्याच्यावर इतिहासाचा व विस्थापनाचा भार कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण आनंद ही एकजिनसी वस्तू नाही. ओळखीच्या दृश्याचा ताळा जमल्याचा आनंद क्षणिक असतो. हे स्थळ जे दिसले त्याहून मोठे होते, हे कळल्याचा आनंद टिकतो. मूळ कलाकृतीचेही त्यात काही कमी होत नाही. नर्मदेला गंगा करणाऱ्या कॅमेऱ्याचे सामर्थ्य कळावयास आधी ती नर्मदा आहे, हे ठाऊक असावे लागते. राजशेखराने कवीकडून दोन्ही ज्ञानांची अपेक्षा केली, ती याच कारणाने. कवीला सूट आहे, पण सूट कशापासून मिळाली हे त्याला माहीत असले पाहिजे.

नावाडी यादी वाढवीत राहील; पुढचा चित्रपट, पुढची मालिका तिच्यात येईल. त्याच्या निरूपणाचे ध्वनिमुद्रण व संकलन मौखिक वाङ्मय म्हणून होणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक नव्या नावासरशी जुन्या नावांचा उच्चार बदलत असतो. ते काम तुलनात्मक साहित्याच्या विभागांनी हाती घ्यावे. तोवर प्रवाशाने वाटाड्याला निघण्यापूर्वी एवढेच विचारावे : या जागेचे स्वतःचे नाव काय, चित्रात काय आले नाही, आणि येथे राहणारी माणसे या जागेविषयी काय सांगतात? तिन्ही प्रश्नांना ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्याच्या मोटारीत किंवा नावेत बसावे.